वाऱ्याच्या वहीतील कोऱ्या चौकटी

शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या दिवसाची चौकट कोरी राहिली, तर तो मुलगा त्या दिवशी आला होता की नव्हता हे कोऱ्या चौकटीकडे पाहून सांगता येत नाही. शेजारच्या बाकावरील मुलाला विचारता येते, आदल्या आणि नंतरच्या दिवसांची हजेरी पाहता येते, त्या दिवशी गावात काय घडले होते ते आठवता येते. एवढे करून आपण त्या चौकटीत जे लिहू ते मात्र अनुमान असते, नोंद नसते. हा फरक प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

वाऱ्याच्या नोंदवहीतही अशा कोऱ्या चौकटी असतात. पवनचक्क्या उभारण्यापूर्वी त्या जागी खांब रोवून वर्ष-दोन वर्षे वाऱ्याचा वेग मोजतात. या काळात कधी यंत्र बिघडते, कधी वीज पडते, कधी बॅटरी उतरते आणि तास, दिवस, कधी आठवडे नोंदीविना जातात. या चौकटी भरण्याचे काम अलीकडे संगणकाकडे सोपवले जाते. उपलब्ध नोंदींवरून संगणकाने स्वतःच संबंध शोधून काढायचे, या पद्धतीला मशीन लर्निंग म्हणजे यंत्रशिक्षण म्हणतात. पद्धत नवी असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे. न मोजलेल्या वाऱ्याबद्दल आपण काय म्हणू शकतो आणि किती खात्रीने? या प्रश्नाचा सुमारे दीडशे वर्षांचा प्रवास या लेखात पाहू या.

डंडीजवळचा पूल

२८ डिसेंबर १८७९ चा रविवार. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या रुंद मुखावर डंडी शहराजवळ रेल्वेचा पूल होता. तो आदल्या वर्षीच, १८७८ मध्ये, वाहतुकीस खुला झाला होता. त्या काळी जगातील सर्वांत लांब पुलांमध्ये त्याची गणना होत असे. त्या संध्याकाळी मोठे वादळ झाले. गाडी पुलावर असताना मधले उंच गाळे कोसळले आणि गाडी प्रवाशांसह नदीत गेली. कोणीही वाचले नाही.

चौकशी झाली. पुलाचे अभियंता टॉमस बाऊच यांनी वाऱ्याच्या दाबासाठी वेगळी अशी तरतूद केली नव्हती, हे चौकशीत पुढे आले. खांबांना आडवे-तिरपे जोडणारे लोखंडी भाग आणि त्यांचे सांधे दुबळे होते, असा निष्कर्ष निघाला. पण त्या रात्री वारा नेमका किती होता? ग्लासगो आणि अ‍ॅबर्डीन येथे वाऱ्याचा वेग मोजला जात होता, डंडीत मात्र वेगमापक नव्हता. ज्यांनी वादळ अनुभवले होते त्यांच्या साक्षींवरच भिस्त ठेवावी लागली. अनुभवी दर्यावर्दी माणसांनी बोफर्टच्या श्रेणीत आपला अंदाज सांगितला. दहा, अकरा असे ते आकडे होते.

येथे आपल्या प्रश्नाचे मूळ रूप दिसते. हव्या त्या जागी नोंद नाही. दूरच्या दोन ठिकाणी नोंद आहे. माणसांच्या आठवणी आहेत. या सर्वांवरून मधली चौकट भरायची आहे, आणि त्या आकड्यावर माणसांचे जीव आणि एका अभियंत्याची प्रतिष्ठा अवलंबून आहे. बाऊच यांचे पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये निधन झाले.

डोळ्यांनी मोजलेला वारा, वाट्यांनी मोजलेला वारा

साक्षीदारांनी वापरलेली श्रेणी ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट याने १८०६ साली आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली होती. नौदलाने १८३८ मध्ये ती अधिकृतपणे स्वीकारली. गलबताची किती शिडे उभारता येतील यावरून वाऱ्याला शून्यापासून क्रमांक द्यायचा, अशी ती व्यवहारी पद्धत होती. या पद्धतीत माणूस आणि जहाज मिळून एक उपकरण बनत होते.

वेग प्रत्यक्ष मोजण्याचे सुटसुटीत साधन १८४६ मध्ये आले. आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे टॉमस रॉबिन्सन यांनी उभ्या दांड्यावर चार आडव्या दांड्या बसवल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला अर्धगोलाकार वाटी लावली. वाटीच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा दाब जास्त आणि फुगीर बाजूवर कमी पडतो, म्हणून वाट्या फिरू लागतात. फेऱ्या मोजल्या की वेग कळतो. शाळेत चार कागदी वाट्या आणि एक टाचणी घेऊन मुले हे उपकरण सहज करतात. पुढे १९२६ च्या सुमारास कॅनडातील जॉन पॅटरसन यांनी तीन वाट्यांचे सुधारित रूप पुढे आणले. आजही खांबांवर बहुधा तेच दिसते.

रॉबिन्सन यांची एक समजूत मात्र चुकीची होती. वाऱ्याचा वेग हा वाट्यांच्या वेगाच्या बरोबर तिप्पट असतो, मग वाट्या लहान असोत की मोठ्या, दांड्या आखूड असोत की लांब, असे त्यांनी मानले. कितीतरी वर्षे जगभरच्या वह्यांत वाट्यांच्या वेगाला तीनने गुणूनच वाऱ्याचा वेग लिहिला गेला. टे पुलाच्या दुर्घटनेनंतर वाऱ्याच्या दाबाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि इंग्लंडमधील विल्यम डाइन्स यांनी गरगर फिरणाऱ्या लांब दांड्यावर ही उपकरणे बसवून त्यांची परीक्षा घेतली. प्रचलित उपकरणासाठी हा गुणक तीन नसून २.२ च्या आसपास आहे, असे दिसून आले. म्हणजे वह्यांतील वेग खऱ्याच्या सुमारे १.३६ पट होता. डाइन्स यांनी नंतर दाबनळीवर चालणारा वेगळा वेगमापकही तयार केला. त्यात वाऱ्याच्या क्षणिक झोतांचीही नोंद होत असे.

या प्रसंगातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोरी चौकट निदान आपले कोरेपण लपवत नाही. चुकीच्या गुणकाने भरलेली चौकट मात्र खऱ्या नोंदीसारखीच दिसते.

कोणत्या नोंदी हरवतात?

नोंदी हरवण्यामागे केवळ योगायोग असता तर प्रश्न सोपा झाला असता. वारा मात्र आपली नोंद स्वतःच पुसून टाकू शकतो. ८ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतील गॅल्व्हस्टन शहरावर चक्रीवादळ आले आणि हजारो माणसे मेली. तेथील हवामान कार्यालयाच्या छतावरील वेगमापकाने ताशी सुमारे शंभर मैलांपर्यंतचा वेग दाखवला आणि मग तो स्वतःच उडून गेला. त्यानंतर वारा वाढतच गेला, पण त्याची नोंद कोणाकडेच नाही. वहीत सर्वांत मोठा दिसणारा आकडा हा वाऱ्याच्या जोराचा नाही, उपकरणाच्या सहनशक्तीचा आहे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन या शिखरावरील वेधशाळेचे. तेथे यंत्रावर बर्फ साचून ते बंद पडत असे. म्हणून तेथील मंडळींनी आतून तापवता येणारा वेगमापक वापरला. १२ एप्रिल १९३४ रोजी त्यावर ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेगाची नोंद झाली. साधा वेगमापक असता तर ती चौकट कोरी राहिली असती.

तिसरे उदाहरण आणखी बोलके आहे. १० एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ऑलिव्हिया या चक्रीवादळात एका स्वयंचलित केंद्राने ताशी ४०८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला. आकडा इतका मोठा होता की तो यंत्राचा दोष असावा असे वाटून तो तसाच पडून राहिला. जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञांनी यंत्राची आणि आजूबाजूच्या नोंदींची तपासणी केली आणि २०१० मध्ये तो खरा मानला गेला. या वेळी यंत्राने चौकट भरली होती. ती कोरी मानण्याचे काम माणसांनी केले होते.

वेगाचा घन आणि सरासरीचा सापळा

पवनऊर्जेच्या हिशेबात कोऱ्या चौकटी इतक्या महाग का पडतात, हे समजण्यासाठी थोडे गणित पाहू. पवनचक्कीच्या पात्यांच्या वर्तुळातून दर सेकंदाला जाणाऱ्या हवेचे वस्तुमान वेगाच्या प्रमाणात असते आणि त्या हवेची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वाऱ्यात असलेली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. (प्रत्यक्ष पवनचक्की ठरावीक वेगानंतर आपले उत्पादन रोखून धरते. पण वाऱ्यातील शक्तीचा नियम हाच.)

आता समजा, पाच तासांचे वेग सेकंदाला ४, ६, ८, १० आणि १२ मीटर आहेत. त्यांची सरासरी ८. त्यांचे घन ६४, २१६, ५१२, १००० आणि १७२८. घनांची बेरीज ३५२० आणि सरासरी ७०४. येथेच पहिला धडा मिळतो. सरासरी वेगाचा घन ५१२ आहे, पण घनांची सरासरी ७०४ आहे. नुसत्या सरासरी वेगावरून ऊर्जा काढली तर ती कमी येते.

दुसरा धडा असा. समजा, १२ ची नोंद हरवली. उरलेल्या चार नोंदींची सरासरी ७ आहे, म्हणून कोऱ्या चौकटीत आपण ७ लिहिले. आता सरासरी वेग ८ वरून ७ झाला, म्हणजे साडेबारा टक्के घट. पण घनांची बेरीज २१३५ आणि सरासरी ४२७ होते. ७०४ च्या जागी ४२७, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के घट! पाचपैकी एक चौकट चुकीची भरली आणि दोन पंचमांश ऊर्जा हिशेबातून नाहीशी झाली. याच न्यायाने रॉबिन्सन यांचा गुणक कोणी पवनऊर्जेच्या हिशेबात वापरला असता तर वाऱ्यातील शक्ती खऱ्याच्या सुमारे अडीच पट दिसली असती.

सह्याद्रीच्या माथ्यावरील जागांचा विचार करा. तेथे वर्षातील सर्वांत जोरदार वारा नैऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत असतो. खांबावर वीज पडण्याचा, तारा तुटण्याचा, दुरुस्तीसाठी वर जाता न येण्याचा काळही बराचसा हाच. म्हणजे ज्या नोंदी सर्वांत मोलाच्या, त्याच हरवण्याचा धोका अधिक.

शेजाऱ्याला विचारा

मग चौकट भरायची कशी? सर्वांत साधा उपाय म्हणजे शेजारच्या केंद्राची मदत घेणे. दोन ठिकाणच्या एकाच वेळच्या नोंदी आलेखावर मांडायच्या, बिंदूंच्या गर्दीतून सर्वांत चांगली बसणारी रेषा काढायची आणि एका ठिकाणची नोंद हरवली असेल तेव्हा दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीवरून रेषेच्या आधारे ती काढायची. रेषा बसवण्याची लघुतम वर्गांची पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली होती. दोन राशींचा असा संबंध जुळवण्याला समाश्रयण म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना त्यातील एक महत्त्वाचा गुण दाखवून दिला. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने उंच असतात, पण आईवडिलांइतकी नव्हे. रेषेने काढलेले अंदाज सरासरीकडे सरकतात.

हवामानशास्त्रात या पद्धतीचा मोठा वापर भारतात झाला. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. जगभरच्या केंद्रांवरील वायुदाब, तापमान, पाऊस यांच्या आकड्यांचे परस्परांशी सहसंबंध त्यांनी काढवून घेतले आणि त्यांवरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. ते काम हाताने, कारकुनांच्या मोठ्या फौजेकडून झाले. आज संगणकाकडून आपण जे करवून घेतो त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. शेकडो आकड्यांत संबंध शोधताना काही संबंध निव्वळ योगायोगानेही चांगले दिसतात, हा धोकाही वॉकर यांनी ओळखला होता.

त्याच सुमारास शेतीच्या प्रयोगांत कोऱ्या चौकटीचा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे वाफ्यांवर खतांचे प्रयोग होत. एखाद्या वाफ्यातील पीक जनावरांनी खाल्ले किंवा नोंद हरवली तर सगळे गणित अडे. १९३० मध्ये ॲलन आणि विशार्ट यांनी, आणि १९३३ मध्ये फ्रँक येट्स यांनी हरवलेल्या वाफ्याचे उत्पन्न काढण्याची रीत दिली. येट्स यांच्या रीतीतील एक बारकावा फार शहाणपणाचा आहे. भरलेल्या आकड्याने गणित सुटते, पण नवी माहिती मिळत नाही. म्हणून चुकीचा अंदाज काढताना प्रत्येक भरलेल्या चौकटीमागे नोंदींच्या हिशेबातून एक वजा करायचा. भरलेला आकडा हा कमावलेला आकडा नव्हे, हे त्यांनी गणितातच लिहून ठेवले.

ग्रँडपाज नॉब

पवनऊर्जेत या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लागली. पामर पटनम या अभियंत्याच्या कल्पनेतून ग्रँडपाज नॉब या डोंगरावर १२५० किलोवॅटची पवनचक्की उभी राहिली. १९ ऑक्टोबर १९४१ रोजी तिची वीज जाळ्यात सोडण्यात आली. तोवर इतकी मोठी पवनचक्की जगात कोठेही नव्हती. थिओडोर फॉन कारमान यांच्यासारखे वायुगतिकीचे जाणकार सल्लागार होते.

जागा निवडताना मात्र त्या डोंगरमाथ्यांवरील वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी नव्हत्या. तेव्हा पटनम यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज यांच्या मदतीने झाडांना विचारले. सततच्या वाऱ्याने झाडे एका बाजूला झुकतात, वाऱ्याकडच्या फांद्या झडतात, खोड खुजे राहते. यावरून वाऱ्याचा सरासरी वेग अजमावण्याची श्रेणी त्यांनी तयार केली. बोफर्टच्या श्रेणीत शिडे उपकरण होती, येथे झाडे झाली. काही ठिकाणी खांब उभारून थोड्या काळाच्या नोंदी घ्यायच्या आणि दीर्घकाळच्या नोंदी असलेल्या केंद्रांशी त्या जुळवायच्या, ही रीतही या कामात दिसते.

निवडलेल्या माथ्यावर वारा अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. घनाचा नियम येथे निर्दयपणे लागू पडतो. वेग तीस टक्क्यांनी कमी पडला तर शक्ती जवळजवळ एक तृतीयांशावर येते. १९४५ च्या मार्चमध्ये एक पाते तुटून पडले आणि खर्चाचा मेळ बसत नाही म्हणून प्रयोग थांबला. पटनम यांनी १९४८ मध्ये आपले सर्व अनुभव, वाऱ्याच्या अंदाजातील चुकांसह, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढच्या पिढीला त्या पुस्तकाचा पवनचक्कीइतकाच उपयोग झाला.

वर्षभर मोजा, दीर्घकाळच्या केंद्राशी संबंध जुळवा आणि मग पुढच्या वीस वर्षांचा अंदाज करा, अशी ही तीन पायऱ्यांची रीत पुढे पवनऊर्जेच्या व्यवसायात रूढ झाली. या रीतीने पाहिले तर जागेच्या दीर्घ इतिहासातील जवळजवळ सर्वच चौकटी कोऱ्या असतात आणि एका वर्षाच्या आधारे त्या भरायच्या असतात.

भारताची वाऱ्याची वही

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. याच पुण्यातील उपकरण विभागात १९४८ मध्ये अ‍ॅना मणी (१९१८–२००१) रुजू झाल्या. बंगळूरमध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन केल्यानंतर त्या लंडनला हवामान उपकरणांचा अभ्यास करून आल्या होत्या. उपकरणे परदेशांतून मागवण्याऐवजी येथेच बनवायची, त्यांचे आराखडे एकसारखे करायचे आणि प्रत्येक उपकरण तपासूनच केंद्रावर पाठवायचे, हे काम त्यांनी नेटाने केले.

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी वाऱ्याकडे विशेष लक्ष दिले. डी. ए. मुळे यांच्यासह त्यांनी केलेला भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. हवामान खात्याची केंद्रे मात्र पवनऊर्जेसाठी उभारलेली नव्हती. गावे वाढली, झाडे वाढली, इमारती उठल्या आणि कित्येक वेगमापक आडोशाला आले. वहीतील चौकट भरलेली, पण तिच्यातील वारा अडवलेला. म्हणून देशात वाऱ्याच्या जागा शोधून तेथे मुद्दाम उंच खांब उभारून मोजणी करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि मणी यांच्या नेतृत्वाखाली या सर्वेक्षणाचे खंड प्रसिद्ध होत गेले. १९८६ च्या सुमारास गुजरात, तमिळनाडू आणि आपल्याकडे देवगड येथे पहिली प्रात्यक्षिक पवनक्षेत्रे उभी राहिली. १९९८ मध्ये चेन्नईला पवनऊर्जेची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अचूक उपकरण आणि योग्य जागा यांची जागा कोणतीही भरण-पद्धत घेऊ शकत नाही, हा मणी यांच्या कामाचा धडा आहे.

संगणक शेजाऱ्यांकडून शिकतो

आता यंत्रशिक्षणाकडे वळू. मेंदूतील पेशींचे गणिती रूप मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले. फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५८ मध्ये उदाहरणांवरून शिकणारे 'पर्सेप्ट्रॉन' वर्णन केले. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी त्याच्या मर्यादा दाखवल्या आणि उत्साह ओसरला. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी अनेक थरांच्या जाळ्याला चुकांवरून उलट दिशेने शिकवण्याची रीत प्रभावीपणे मांडली आणि हे क्षेत्र पुन्हा जोमाने वाढले. २००१ मध्ये लिओ ब्रायमन यांनी 'रँडम फॉरेस्ट' ही पद्धत दिली. हीत संगणक प्रश्नांची झाडे तयार करतो. शेजारच्या खांबावर वेग ८ पेक्षा जास्त आहे का? वारा पश्चिमेचा आहे का? वेळ दुपारची आहे का? अशा प्रश्नांच्या फांद्यांवरून एकेक झाड एकेक उत्तर देते आणि शेकडो झाडांच्या उत्तरांची सरासरी घेतली जाते.

सरळ रेषेपेक्षा याचा फायदा काय? दोन डोंगरांवरील वाऱ्यांचा संबंध सर्व वेळी सारखा नसतो. पश्चिमेकडून वारा आला तर एक खांब दुसऱ्याच्या आडोशाला येतो. पूर्वेकडून आला तर उलट. रात्री जमीन थंड झाली की दरी आणि माथा यांचे वारे वेगळे होतात. एकच रेषा हे सर्व सांगू शकत नाही. झाडे किंवा जाळी दिशा, वेळ, ऋतू, तापमान, दाब यांचा एकत्र विचार करू शकतात.

या कामासाठी आणखी एक शेजारी मिळाला आहे. जुन्या सर्व हवामान नोंदी एकाच संगणकीय प्रारूपातून पुन्हा चालवून संपूर्ण वातावरणाचा सलग इतिहास तयार करावा, अशी सूचना १९८८ मध्ये बेंगट्सन आणि भारतात जन्मलेले जगदीश शुक्ला यांनी केली. त्याच वर्षी ट्रेनबर्थ आणि ओल्सन यांनीही तशीच सूचना केली. त्यातून 'पुनर्विश्लेषण' नावाचे संग्रह तयार झाले. युरोपीय केंद्राच्या अशा एका संग्रहात १९४० पासूनचा वारा तासातासाला मिळतो. त्यात कोरी चौकट नाही. पण त्याच्या जाळीचा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा आहे. सह्याद्रीचा कडा, पठार आणि पायथा एकाच चौकोनात येऊन सपाट होतात. म्हणून या संग्रहातील वारा आणि खांबावरील वारा यांचा संबंध संगणकाला शिकवून मग चौकटी भरतात.

परीक्षा कशी घ्यायची?

भरलेली चौकट बरोबर आहे हे कसे ओळखायचे? ज्या चौकटी भरलेल्या आहेत त्यांपैकी काही मुद्दाम झाकायच्या, संगणकाकडून भरून घ्यायच्या आणि खऱ्या आकड्यांशी ताडून पाहायच्या. पण येथे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची हुशारी लागते. इकडेतिकडे एकेक तास झाकला तर परीक्षा फार सोपी होते. मागच्या आणि पुढच्या तासावरून कोणीही जवळचे उत्तर देईल. खरी चौकट मात्र अनेकदा सलग तीन आठवडे कोरी असते. म्हणून सलग आठवडे झाकले पाहिजेत, आणि ते जोरदार वाऱ्याच्या दिवसांतलेही असले पाहिजेत.

दुसरा प्रश्न गॉल्टन यांच्या वेळचाच आहे. चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायला शिकवलेले कोणतेही यंत्र संशय असेल तेथे मधले उत्तर देते. त्यामुळे भरलेल्या वाऱ्यात खऱ्या वाऱ्याइतके चढउतार उरत नाहीत. झोत बोथट होतात, शांत क्षण भरून निघतात. सरासरी वेग बरोबर आला तरी घनांची सरासरी कमी येते. वर पाहिलेला ७०४ आणि ५१२ मधील फरक पुन्हा डोके वर काढतो.

यावरचा उपाय संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांच्या कामात आहे. १९७६ मध्ये त्यांनी हरवलेल्या नोंदींचे नीट वर्गीकरण केले. नोंद निव्वळ योगायोगाने हरवली का? हरवण्याचे कारण आपल्याला दिसणाऱ्या दुसऱ्या राशीत आहे का? की हरवलेल्या आकड्यातच आहे? गॅल्व्हस्टनचा वेगमापक तिसऱ्या प्रकारातला. तेथे उरलेल्या नोंदींवरून शिकलेले यंत्र कितीही कुशल असले तरी त्याने न पाहिलेला वारा ते कोठून शिकणार? पुढे रुबिन यांनी असे सुचवले की कोऱ्या चौकटीत एकच उत्तर न लिहिता शक्य त्या अनेक उत्तरांनी ती अनेकदा भरावी आणि प्रत्येक प्रतीवर सगळा हिशेब करून पाहावा. प्रतींच्या उत्तरांत जितकी तफावत, तितके आपले अज्ञान. येट्स यांनी जे एक वजा करून सांगितले तेच येथे अधिक व्यापक रूपात येते.

हा केवळ पंडितांचा काथ्याकूट नाही. पवनक्षेत्रासाठी बँका कर्ज देतात ते वाऱ्याच्या वहीवर विश्वासून. आकडा फुगला तर पवनचक्क्या अपेक्षित वीज देत नाहीत आणि कर्ज फिटत नाही. आकडा घटला तर चांगली जागा सोडून दिली जाते. वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याचे नियोजनही याच आकड्यांवर चालते.

वर्गात करून पाहण्याजोगे

हे सर्व शाळेत संगणकाशिवायही करता येते. महिनाभर रोज दुपारी एकाच वेळी तापमान लिहून ठेवा. वर्गाचे तीन गट करा. तीसपैकी पाच नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि झाका. पहिल्या गटाने त्या महिन्याच्या सरासरीने भराव्यात, दुसऱ्याने आदल्या-नंतरच्या दिवसांवरून, तिसऱ्याने जवळच्या शहराच्या वर्तमानपत्रात छापलेल्या तापमानावरून. प्रत्येक गटाच्या चुका मोजा. मग चिठ्ठ्या न टाकता सर्वांत उष्ण पाच दिवस झाका आणि पुन्हा करा. तिन्ही गटांचे अंदाज बहुधा एकाच बाजूला, खालीच चुकतील. योगायोगाने हरवणे आणि मोठे असल्यामुळे हरवणे यांतील फरक मुलांना व्याख्येशिवाय कळेल.

आणखी एक सवय त्यांना लावता येईल. मोजलेला आकडा शाईने लिहायचा आणि भरलेला आकडा पेन्सिलीने, शेजारी भरण्याची रीत नोंदवून. टे पुलाच्या चौकशीपासून आजच्या यंत्रशिक्षणापर्यंत साधने पार बदलली. संगणक आता लाखो चौकटी क्षणात भरतो, आणि त्यांतल्या पुष्कळ बऱ्यापैकी बरोबर भरतो. पण शाई कोठे संपली आणि पेन्सिल कोठे सुरू झाली, हे वहीत दिसत राहील याची काळजी माणसालाच घ्यावी लागते.